टोकियोत एक दिवस अंगठाछाप

आजचा भाग जपानवर आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी शिव्या घालणार नाही: यात बुलेट ट्रेन नाही, फुजी पर्वत पण नाही. विमानातून फुजी दिसतो म्हणतात, मला पूर्ण वेळ ढग दिसले. मागच्या नोव्हेंबरात कंपनीनं दोन आठवड्यांसाठी टोकियोला पाठवलं होतं. हॉटेल ते ऑफिस, ऑफिस ते हॉटेल. शनिवारी परतीचं विमान, आणि त्याच्या आधीचा एक शुक्रवार मोकळा मिळाला. त्या एका शुक्रवारबद्दल बोलायचंय.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी: मी जळकोटचा, लातूर जिल्हा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मोबाईलच्या स्क्रीन बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम. कुठलं बटण कुठं, त्यावर काय लिहायचं, लोक कुठं अडकतात, हे दिवसभर बघायचं.

तर शुक्रवारची यादी अशी होती. कपडे धुणे. रोख पैसे काढणे. पुतण्याला पोस्टकार्ड टाकणे. आईच्या गुडघ्यासाठी जपानी पट्ट्या घेणे, त्या दुखऱ्या जागी चिकटवायच्या असतात त्या. आणि मधल्या वेळात असाकुसाचं देऊळ बघणे. साधी कामं आहेत. उदगीरला गेलो असतो तर तीन तासांत उरकून दुपारच्या एसटीनं घरी आलो असतो.

फक्त एक अडचण. मला तिथलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

ऑफिसात हे जाणवलं नव्हतं, कारण तिथं सगळं इंग्रजीत चालायचं आणि सोबत कुणीतरी असायचं. शुक्रवारी एकटाच बाहेर पडलो आणि समोरच्या दुकानाची पाटी बघून डोक्यात आलं, की हे दुकान कशाचं आहे हे मला कळत नाहीये. चपलांचं, दाताच्या डॉक्टरचं की वकिलाचं, काहीच अंदाज नाही. पाच वर्षांचा होतो तेव्हा वाचायला शिकलो. त्यानंतर पहिल्यांदाच पाटी ही माझ्यासाठी नुसती नक्षी होती.

आमच्या आजीला सगळ्या पाट्या अशाच दिसायच्या. आजी अंगठा करायची. हा शब्द मी चेष्टेत वापरत नाहीये, आमच्या घरात खरंच शाईचं पॅड होतं, बँकेच्या कामासाठी. जळकोटच्या स्टँडवर ती प्रत्येक गाडीला विचारायची, ही कुठली गाडी? आम्ही नातवंडं म्हणायचो, अगं वर लिहिलंय की. लिहिलेलं असून तिला काय उपयोग होता?

मी राहात होतो तो भाग निशि-कासाई. टोकियोच्या एडोगावा वॉर्डात आहे. तिथं भारतीय भरपूर. सन 2000 च्या आसपास संगणकांचा तो प्रसिद्ध वायटूकेचा घोळ निस्तरायला आपले इंजिनियर तिकडं गेले आणि बरेच तिथंच राहिले. एप्रिल 2019 मध्ये याच एडोगावाच्या वॉर्ड असेंब्लीत योगेंद्र पुराणिक निवडून आले, आपले मराठी. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते भारतात जन्मलेले पहिले. मलाही लिफ्टमध्ये एक काकू भेटल्या, फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, 'कोथिंबीर महाग झालीय गं.' इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

कपड्यांचं काम पटकन झालं. कॉइन लाँड्रीत मशीनवर चित्रं होती: कपडे टाका, दार लावा, नाणं टाका. पैसे काढायचं कामही सोपं, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर इंग्रजी निवडता येतं. आता गंमत बघा. आपल्या जळकोटात चहाच्या टपरीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. भाजीवाली मावशी पण म्हणते, स्कॅन कर बाबा, सुट्टे नाहीत. तो क्यूआर कोड जपानचा आहे. 1994 साली डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांच्या टीमनं तो गाड्यांच्या सुट्ट्या भागांची नोंद ठेवायला बनवला. आणि त्या कोडच्या माहेरी मी खिशात नाण्यांचा खुळखुळा घेऊन फिरत होतो, कारण छोट्या दुकानांत अजूनही रोख लागते.

त्या नाण्यांत एक पाच येनचं असतं. पिवळं, मध्ये भोक. जपानच्या चालू नाण्यांत हे एकच असं, ज्यावर किंमत आपल्या ओळखीच्या आकड्यात लिहिलेली नाही, फक्त त्यांच्या लिपीत आहे. पहिल्या दिवशी मी ते नाणं उलटसुलट करून बघितलं आणि शेवटी भोकावरून लक्षात ठेवलं. भोक आणि पिवळा रंग म्हणजे पाच. आजी नोटा अशाच ओळखायची, रंगावरून आणि आकारावरून. 2016 साली नोटबंदीनंतर नोटांचे रंग आणि आकार बदलले, तेव्हा तिचं अख्खं शिक्षण एका रात्रीत बाद झालं. जपाननं जुलै 2024 मध्ये नवीन नोटा काढल्या, त्यावर साधे आकडे मुद्दाम मोठे छापलेत आणि दृष्टिहीन लोकांसाठी हाताला लागणाऱ्या खुणा आहेत. हजारच्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो यांचा फोटो आहे. 1894 साली हाँगकाँगला जाऊन प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांपैकी ते एक. तीनच वर्षांनी, 1897 मध्ये, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. कॉफीचं बिल देताना त्या नोटेकडं बघून मला उगाच हे आठवलं.

पोस्ट ऑफिस शोधायला मॅप उघडावा लागला नाही. लाल पेटी दिसली. पोस्टाची पेटी त्यांच्याकडं पण लाल! मी पुतण्याला कार्डावर पूर्ण पत्ता मराठीत लिहिला आणि खाली मोठ्या रोमन अक्षरांत 'इंडिया'. खिडकीतल्या बाईंनी तेवढा एक शब्द वाचला, मान डोलावली आणि तिकिटं लावून दिली. बाकीचा पत्ता आपला पोस्टमन वाचेल, त्यांनी कशाला वाचायचा? बावीस दिवसांनी कार्ड पोचलं.

आता मेट्रो. हा भाग मला लई आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टोकियो मेट्रोच्या प्रत्येक लाइनला एक रंग आहे, एक अक्षर आहे, आणि प्रत्येक स्टेशनला नंबर. तोझाई लाइन आकाशी रंगाची, अक्षर 'टी'. माझं निशि-कासाई म्हणजे टी-16. तिथून टी-10 ला उतरायचं. तिथंच नारंगी रंगाची गिंझा लाइन भेटते, तिच्यात या स्टेशनचा नंबर जी-11. तिकडून जी-19 ला गेलं की असाकुसा. स्टेशनांची नावं वाचता येवोत न येवोत, 16, 15, 14 असं मोजता आलं तरी माणूस पोचतो. उलट मोजायला लागलो आणि आकडे वाढायला लागले, तर समजायचं गाडी उलटी चाललीय. हे नंबर पूर्वीपासून नव्हते हं. गिंझा लाइन 1927 ची, आशियातली पहिली भुयारी रेल्वे. नंबर आले 2004 मध्ये. म्हणजे सत्याहत्तर वर्षं ती गाडी फक्त वाचता येणाऱ्यांसाठी पळत होती असं म्हणता येईल.

जमिनीवर पिवळ्या, उंचवट्याच्या फरशा असतात, पुणे मेट्रोत पण बघितल्या असतील. त्या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी बनवल्या आणि पहिल्यांदा 1967 साली ओकायामा शहरात बसवल्या, अंध मुलांच्या शाळेजवळ. ओकायामा म्हणजे तेच, ज्याच्या बागेवरून पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान केलंय. आणि दारावर हिरव्या रंगात पळणारा माणूस असतो ना, बाहेर पडायचा रस्ता दाखवणारा? माझ्या ऑफिसात आहे, तुमच्या कॉलेजात असेल. तो पण जपानी. 1972 मध्ये ओसाकाच्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये आग लागून 118 लोक गेले. अशा आगींनंतर तिथं सुटकेच्या खुणांचा नव्यानं विचार सुरू झाला. धुरात, घाबरलेल्या माणसाला अक्षरं वाचायला वेळ नसतो. युकिओ ओटा नावाच्या डिझायनरनं त्या पळणाऱ्या माणसाला रूप दिलं आणि पुढं तो जगभर गेला.

आपण यात मागं होतो असं नाही बरं का. 1951 च्या जनगणनेत देशात साक्षरता साधारण 18 टक्के होती, आणि त्याच सुमारास पहिली लोकसभा निवडणूक झाली. मग काय केलं? प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्यांनी सरकार निवडलं. टोकियोनं 1964 च्या ऑलिम्पिकसाठी खेळांची चित्रचिन्हं बनवली, त्याचं जगभर कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे. पण बैलजोडी आणि झोपडी त्याच्या बारा वर्षं आधीची आहे.

असाकुसाला पोचलो. कामिनारिमोन हे मोठं दार, त्यात मधोमध लाल कंदील लटकलेला, जवळजवळ चार मीटर उंच, वजन सातशे किलोच्या घरात. 1960 मध्ये तो पॅनासॉनिकच्या मात्सुशितांनी देवळाला दिला, अजूनही नवा करायची वेळ आली की कंपनीच देते. आत सेन्सोजी. कथा अशी सांगतात, की सन 628 मध्ये दोन कोळी भावांना नदीत जाळ्यात कान्नोनची मूर्ती सापडली. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. जुनं मुख्य मंदिर मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, आताचं 1958 चं.

तिथं भविष्य बघायची एक पद्धत आहे, ओमिकुजी. शंभर येन टाकायचे, एक धातूचा डबा हलवायचा, त्याच्या बारक्या भोकातून एक काडी बाहेर येते. काडीवर त्यांच्या लिपीत नंबर. समोर शंभर छोटे ड्रॉवर, प्रत्येकावर असाच नंबर. आता तो नंबर वाचता येत नसेल तर काय करायचं? काडी हातात धरायची आणि तशीच नक्षी कुठल्या ड्रॉवरवर आहे ते शोधायचं. दोन आडव्या रेघा, मग एक फुली, मग खाली काहीतरी खिडकीसारखं. मला चार-पाच मिनिटं लागली. शेजारी आठ-नऊ वर्षांची एक जपानी मुलगी होती, तिनं काडी बघितली, ड्रॉवर उघडला, कागद घेतला, गेली. दोन सेकंद! पहिली-दुसरीच्या पोरांसमोर मोठ्या माणसाला काय वाटत असेल ते मला त्या मिनिटाला कळलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात आजी दोन दिवस जाऊन परत का गेली नाही, ते पण. कागदावर खाली इंग्रजी होतं. माझं भविष्य वाईट निघालं. सेन्सोजीत वाईट कागद जास्तच निघतात अशी ख्याती आहे. वाईट निघालं तर तो कागद तिथल्या तारेला बांधून यायचा, घरी न्यायचा नाही. ही सोय मला फार आवडली.

दुपार झाली, भूक लागली. जपानी हॉटेलांच्या काचेत प्लास्टिकचे पदार्थ मांडलेले असतात, हुबेहूब. बोट दाखवायचं आणि मागवायचं. न वाचणाऱ्यासाठी याच्यापेक्षा चांगलं मेनूकार्ड असूच शकत नाही असं मला दोन आठवडे वाटत होतं. पण आमचं घर माळकरी. आणि त्या नूडल्सच्या वाटीत वर दिसत होत्या फक्त भाज्या, टोफू, कांद्याची पात. मी दुकानातल्या ताईंना सूपकडं बोट करून विचारलं, 'साकाना?' म्हणजे मासा? त्यांनी हसून मान डोलावली. सूप सुकवलेल्या माशाचं. ते प्लास्टिकमध्ये कसं दिसणार? तेव्हा मला आपल्याकडच्या बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका आठवला. चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आमच्या आजीला पण कळायचा. इतकी साधी गोष्ट, आणि जपानमध्ये तिच्यासारखं सक्तीचं काही नाही. अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी यांची ॲलर्जीची माहिती पाकिटावर द्यावीच लागते, पण सूपातल्या माशासाठी तुम्हाला वाचताच आलं पाहिजे. मी भाजलेलं रताळं घेतलं आणि नदीकाठी बसून खाल्लं. रताळ्यात कुणी काही लपवू शकत नाही.

नदीकाठानं दहा मिनिटं चाललं की एक छोटी टेकडी लागते. तिथं मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. टोकियोला गेलात तर सेन्सोजीच्या गर्दीतून निघून इथं नक्की जा. इथला देव कांगितेन. म्हणजे आपला गणपती! हजारेक वर्षांपूर्वी बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडं गेलेला. मूर्ती दाखवत नाहीत, गुप्त असते. आणि नैवेद्याला काय? मुळा! पांढरा, जाडजूड, हातभर लांब मुळा. देवळातच विकत मिळतो. दगडावर, भिंतीवर, सगळीकडं दोन मुळे एकमेकांवर ठेवलेलं चिन्ह आणि पैशाचा बटवा. मुळा म्हणजे घरात गोडीनं राहणं आणि तब्येत, बटवा म्हणजे धंद्यात बरकत. एक अक्षर न वाचता मला कळलं की इथं काय मागायचं. मी मुळा वाहिला आणि पेटीत ते भोकवालं पाच येनचं नाणं टाकलं. देवळात पाच येन टाकायची तिथं रीतच आहे, कारण पाच येनला ते 'गो-एन' म्हणतात आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ नातं, ऋणानुबंध.

परत येताना एका लहान देवळामागं थडगी दिसली. थडग्यांमागं उंच लाकडी पट्ट्या उभ्या केलेल्या असतात, त्यावर वरून खाली काळ्या शाईत लिहिलेलं. मी सहज बघितलं आणि थांबलोच. वरची काही अक्षरं जपानी नव्हती. ती सिद्धम् लिपी. आपल्या देवनागरीची चुलत बहीण म्हणा, दोघींचं मूळ ब्राह्मीत. कुकाई नावाचे भिक्षू सन 806 मध्ये चीनमधून परतले, त्यांनी ती जपानमध्ये रुजवली. त्या पट्ट्यांवर वरून खाली ख, ह, र, व, अ अशी पाच अक्षरं असतात: आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. मी हॉटेलात आधी वाचून गेलो होतो म्हणून जुळवता आली, नुसतं बघून नसती आली. मजा अशी, की बहुतेक जपानी लोकांनाही ती वाचता येत नाहीत. घरच्या माणसाच्या थडग्यावर लिहिलेलं घरच्यांनाच वाचता येत नाही.

हे ऐकून हसू नका. तुमच्या घरात जुन्या जमिनीची कागदपत्रं असतील तर काढून बघा. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत असे कागद आहेत, त्या रानाचे, ज्याच्यावर आम्ही सगळे वाढलो. घरात बीटेक आहे, बीएड आहे, आणि ते कागद वाचता येणारं कुणी नाही.

संध्याकाळी निशि-कासाईला परत आलो. यादीतलं शेवटचं काम राहिलं होतं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. आईच्या पट्ट्या.

आईला अ‍ॅस्पिरिन चालत नाही. काही वर्षांपूर्वी डोकं दुखतंय म्हणून एक गोळी घेतली आणि रात्री दम लागला, ओठ सुजले, उदगीरला न्यावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, अ‍ॅस्पिरिन आणि त्या जातीची औषधं आयुष्यभर बंद. म्हणून पट्टीत काय आहे हे बघितल्याशिवाय घ्यायची नव्हती.

औषधाच्या दुकानात पट्ट्यांचा अख्खा कप्पा होता, तीस-चाळीस प्रकार. प्रत्येक पाकिटावर चित्र: गुडघा, कंबर, खांदा, त्यातून लाल लाटा निघतायत. गुडघ्याचं चित्र असलेली दहा-बारा होती. चित्रानं मला बरोबर कप्प्यासमोर आणून उभं केलं, पण पुढं चित्राचं काम संपलं. मोबाईलचा कॅमेरा लावून भाषांतर बघितलं तर त्यानं लिहिलं, 'खोल थंड आनंद.' आता यावर आईचा जीव सोपवायचा का?

पांढरा कोट घातलेल्या एक बाई आल्या. मी फोनवर टाइप केलं, 'माझ्या आईला अ‍ॅस्पिरिनची ॲलर्जी आहे, दम लागतो,' आणि जपानीत करून दाखवलं. त्यांचा चेहराच बदलला. पहिलं पाकीट उचललं, मागं बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि मला ऐकू येईल असं हळूहळू वाचलं: 'सा-रि-चि-रु...' मी म्हटलं, सॅलिसिलेट? 'हाय, हाय!' म्हणजे हो. अ‍ॅस्पिरिनचं भावंड. मग त्यांनी दोन्ही हातांची छातीसमोर फुली केली. जपानमध्ये फुली म्हणजे नाही. दुसरं पाकीट: 'रो-कि-सो-पु-रो-फे-न.' फुली. तिसरं, फुली. मागं एक ओळ होती, तिच्यावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, 'आसुपिरिन झेनसोकु.' अ‍ॅस्पिरिननं दमा होणाऱ्यांनी वापरू नये, असं तिथं त्यांच्या भाषेत स्पष्ट छापलेलं होतं. एक-एक करत त्यांनी गुडघ्याची सगळी पाकिटं बाद केली. विकायला बसलेल्या माणसानं अख्ख्या कप्प्याला फुली मारलेली मी पहिल्यांदा बघितली.

मला तिथं उभ्या उभ्या दोन गोष्टी कळल्या. एक, त्या औषधांची परदेशी नावं काताकाना नावाच्या लिपीत असतात, मूळ अक्षरं सेहेचाळीस. आणि त्यांची वर्णमाला चालते अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीची वाटली ना? तो क्रम संस्कृत वर्णमालेवरूनच बसवलेला आहे, त्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून. दोन आठवडे रोज अर्धा तास दिला असता तर ते 'सा-रि-चि-रु' कुणालाही वाचता येईल.

दुसरी गोष्ट मनाला जरा लागली. माझी आई सातवी शिकलेली आहे. पेपर वाचते, पोथी वाचते, माझे सगळे मेसेज वाचते. आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावर बहुतेक सगळं इंग्रजीत असतं. ती गोळी रंगावरून ओळखते. निळं पाकीट सकाळी, चंदेरी रात्री. मध्यंतरी दुकानात नेहमीची कंपनी नव्हती, तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, चंदेरी पाकिटात. आईकडं दोन चंदेरी पाकिटं झाली. तिनं शेजारच्या नववीतल्या पोरीला बोलावून वाचून घेतलं, म्हणून निभावलं. टोकियोतली आई आपलं औषध आपल्या भाषेत वाचते. जळकोटातली आई आपल्याच घरात, आपल्याच औषधासमोर परदेशी पाहुणी असते. अंगठाछाप मी एक दिवस होतो, ती रोज सकाळ-संध्याकाळ असते, आणि तिला तर वाचता येतं!

प्रयत्न झालेत, नाही असं नाही. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, 2016 मध्ये सरकारनं तिची मोहीम केली: लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. किती जणांना माहितीय? ऑगस्ट 2023 पासून खपाच्या तीनशे ब्रँडांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे, औषधाचं नाव, बॅच, मुदत कळावी म्हणून. माझं कामच हे आहे, म्हणून सांगतो: तोच कोड स्कॅन केल्यावर 'ही रक्तदाबाची गोळी आहे, मुदत अमुक महिन्यापर्यंत' असं मराठीत बोलून दाखवणं तांत्रिकदृष्ट्या एका चांगल्या टीमचं काही आठवड्यांचं काम आहे. तेलुगूत करा, कन्नडमध्ये करा, आपल्या सीमेवर तर तिन्ही लागतात. कुणी सांगितलं नाही म्हणून झालेलं नाही, एवढंच. मी आईच्या डब्यावर मराठी चिठ्ठ्या चिकटवून आलोय, पण कंपनी बदलली की चिठ्ठी चुकणार, हे मला पण माहितीय.

बरं, पट्ट्या राहिल्या. त्या बाईंनी मग मला दुसऱ्या कप्प्याकडं नेलं, गुडघ्याला घालायच्या पट्ट्यांकडं, नी-कॅप म्हणतो आपण. त्यात औषधच नाही. पाकिटावर पायाचं चित्र, गुडघ्याच्या वर एक गोल आणि सेंटिमीटरचे आकडे. एम, एल, एलएल. टोकियोत साडेसहा वाजलेले, जळकोटात दुपारचे तीन. आईला व्हिडिओ कॉल लावला.

'काय करलालास रे? जेवलास का?'

'जेवलो, रताळं खाल्लं. आई, गुडघ्याच्या वर चार बोटं, पायाचा घेर मोज बरं.'

'कायचा घेर?'

'पायाचा. तुझ्यासाठी घेतोय.'

'बाजारात उभारून असलं इचारलालास व्हय? माणसं काय म्हणतील?'

'इथं कुणाला कळतंय आई, मोज तू.'

घरात टेप सापडेना. मग तिनं पोत्याची सुतळी घेतली, पायाला गुंडाळली, गाठ मारली आणि ती सुतळी पुतण्याच्या पट्टीवर मोजायला लावली. पंधरा सेंटिमीटरची पट्टी, तीनदा ठेवली. पुतण्या ओरडला, 'त्रेचाळीस!' कोटवाल्या बाई शेजारी उभ्या राहून सगळं बघत होत्या. सुतळी बघून त्यांना काय चाललंय ते बरोबर कळलं. त्यांनी एल साइज काढून दिली. आईनं फोनमधून हात जोडले, त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. आणि जाता जाता आईनं मला विचारलं, 'गणपतीला खरंच मुळा वाहतेत का रे?' सकाळी फोटो पाठवला होता, तो तिनं बघितला होता.

नी-कॅप चांगली निघाली. आई ती सकाळी रानात जाताना घालते, दुपारी काढते, धुऊन दोरीवर वाळत घालते.

मंडळी, आता तुमच्याकडून एक पाहिजे. तुमच्या घरी आई, आजी, काका गोळ्या कशावरून ओळखतात? रंग, आकार, पाकीट कापून ठेवतात, की रबर लावतात? आमच्या नंबरवर पाठवा. टाइप करायची काही गरज नाही, त्यांच्याच आवाजात व्हॉइस मेसेज केला तरी चालतंय. चला, भेटू पुढच्या भागात.